अनुभव धागा: बोरिंग, पंगत, एसटी आणि गाव

सेलूकडचा
काल चौकातलं बोरिंग, म्हणजे हातपंप, दुरुस्तीला खोललं. पाइप वर आले आणि जुनी रांग डोळ्यापुढं आली. त्या एका दांड्यापाशी सगळ्या मोहल्ल्यांचे पाण्याचे गुंड (हंडे) एकामागं एक लागायचे. वर्ध्यात जमनालाल बजाजांनी १९२८ साली लक्ष्मीनारायण मंदिर सगळ्यांसाठी उघडलं, पण खेड्यातल्या विहिरी पुढंही किती वर्षं जातीजातीच्याच राहिल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर सरकारी बोरिंगं वाढली. जागा पंचायतीची, पंप सरकारचा, त्यामुळं "आमची विहीर" म्हणायला कोणाला तोंड राहिलं नाही. आता घरोघरी नळ आले. बायांच्या डोक्यावरचा भार उतरला हे चांगलंच झालं, पण ती रांगही गेली.
पाणी, शाळेतला आहार, एसटी, अंगणवाडी, रेशन, ज्यांचा या कामात हात बसला आहे त्यांनी लिहा. कशानं गाव एकत्र येतं, कशानं फुटतं? कामाचं नेमकं सांगा.

पानाकाका
बोरिंगपासूनच सुरू करतो. दांडा मारून मारून उशिरा पाणी येत असेल तर खालचा व्हॉल्व्ह गळतो नाहीतर पाइपाचा जोड. लगेच येतं पण कमी येतं, तर वॉशर झिजला. दांडा एकदम हलका लागला तर आतली सळई सुटली. मार्क-२ हातपंपाचे पाइप ३-३ मीटरचे असतात, क्लॅम्प घट्ट धरल्याशिवाय जोड खोलू नका. पाइप खाली सुटला की बोरच गेला समजा.
आता मुद्द्याचं. भांडण पंपावरून कमी होतं, पंपाभोवतीच्या ओट्यावरून जास्त. ओटा फुटला की चिखल होतो, चिखल झाला की एकीच्या गुंडाचं पाणी दुसरीच्या गुंडावर उडतं, आणि जुनी शिवाशिव त्या शिंतोड्यातून वर येते. म्हणून आधी ओटा आणि नाली दुरुस्त करा, साखळीला ग्रीस नंतर. नाली शोषखड्ड्यात सोडा. खड्डा १ मीटर लांब, रुंद, खोल. खाली मोठे दगड, मग मध्यम, वर गिट्टी. नुसती माती लोटली तर एका पावसात बुजतो.

जलसुरक्षक
काका, ओट्याचं शंभर टक्के खरं.
नळाचं सांगतो. टाकी भरलेली असते तेव्हा दाब जास्त, संपत आली की कमी. व्हॉल्व्ह गावठाणापासून खोलत गेलं तर टोकाला नुसती हवा पोचते. टोकाला कोण राहतं हे आपल्या गावात सांगायला नको. बौद्ध मोहल्ला, पारध्यांचा बेडा. म्हणून भरल्या टाकीवर पहिला व्हॉल्व्ह टोकाचा. वेळापत्रक पंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा, वार आणि वेळेसकट. कागद लावला की फाटतो आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याची पाळी आधी. मधल्या घरांनी नळाला पाणी ओढणारी टिल्लू मोटर लावली की सगळं गणित बिघडतं, ती ग्रामसभेच्या ठरावानं काढवा. व्हॉल्व्हमनला एकट्याला भांडायला लावू नका.
टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मुठीनं टाकू नका. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर, तर ३.१४ × ४ × ४ × ३ भागिले ४ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरून साधारण १९० ग्रॅम. बकेटीत आधी लगदा करा, मग पाणी भरा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टाका. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला का ते पाहायची तपासणी, टाकीपाशी नाही, शेवटच्या घरच्या नळावर. तिथं पिवळा रंग आला तरच गावाला पाणी शुद्ध मिळालं.

मोर्शीची सून
टीसीएल टाकलं तरी ओटीनं रंग येत नाही, काय चुकतं?

जलसुरक्षक
बाटली उजेडात राहिली असंल ताई. अंधाऱ्या जागी ठेवा. आणि टीसीएलचं पोतं उघडं राहिलं तर क्लोरीन उडून जातो, मग कितीही टाका, रंग नाही.

खिचडीवाली माय
चुलीवर हाये, पटकन लिवते. पयली ते पाचवीले एका लेकराले १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम दाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. ६० लेकरं असतीन तं ६ किलो तांदूळ, सव्वा किलोले जरा कमी दाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल. सहावी ते आठवीले दीडपट. २५ लेकरापर्यंत एक बाई, २६ ते १०० पर्यंत दोन.
आता आयका. कोणती बाई शिजवते यावरूनच काही घरं डबा देतात. तेच्यावर दोन उपाय. एक, वाढायच्या आधी मास्तर अन् पालकांतला एक जण रोज चव घेईल, वहीत सही करीन. सगळ्यायसमोर, खोलीत नाई. दोन, पंगत हजेरीच्या नंबरानं. पोरायले आपापलं बसू देलं का मोहल्ल्याची पंगत होते, मास्तरच्या ध्यानातबी येत नाई. वाढाले रोज येगयेगळे चार पोट्टे, तेयचीबी यादी लावा. घरची ताटं आणू देऊ नका, शाळेचीच ताटं. घरून ताट आलं का स्टीलचं कोणाचं अन् जर्मनचं कोणाचं हे दिसते.
वरून सांबार बारीक चिरून टाका, लेकरं पातेलं पुसून खातात.

पुण्यात_नोकरीला
खिचडीवर सांबार? डोशासोबतचं?

मोर्शीची सून
नाही हो भाऊ, विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडी खाल्ली नाही का कधी?

वकीलबाबू
माय, एक जोड देतो. सुप्रीम कोर्टाचा २० एप्रिल २००४ चा आदेश आहे, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातीला प्राधान्य द्या म्हणून. बाईला काढा असा दबाव आला तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा आदेश वाचून इतिवृत्तात घ्या. तोंडी बोलू नका.

खिचडीवाली माय
लय उपकार बाप्पा. छापून भिंतीले लावाले सांगते.

आर्णीवाली
आमच्या गावाची सकाळची गाडीच बंद आहे. पोरी आठवीनंतर घरी बसतात. ज्याची मोटरसायकल त्याचीच शाळा.

आगारातला
ताई, वाईट वाटलं वाचून. पण करता येतं. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात वेळ लिहा, नुसतं "गाडी सुरू करा" नको. तुमच्या भागातल्या सगळ्या शाळांकडून विद्यार्थ्यांची गावनिहाय यादी मुख्याध्यापकांच्या सहीनं जोडा. रस्ता खराब म्हणून गाडी बंद असेल तर बांधकाम विभागाकडून दुरुस्तीचं लेखी घ्या. गावात गाडी वळवायला मोकळी जागा हवी, ती दाखवा. मांडव, ट्रॉल्या, कडब्याच्या गंज्या उभ्या राहिल्या तर ड्रायव्हर फाट्यावरूनच परत जातो आणि फाट्यावरून चालत यायची पाळी पोरींवर. अर्ज आगार व्यवस्थापकाला, प्रत विभाग नियंत्रकाला, पोच घ्या. मुलींचा बारावीपर्यंतचा पास मोफत आहे, मानव विकास कार्यक्रमाची शाळकरी मुलींसाठीची निळी बस तुमच्या तालुक्यात आहे का तेही विचारा.
गाडीत काय होतं ते मी लिहायला नको. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आधीपासूनच फुकट. बाजाराच्या दिवशी एका सीटवर तीन मोहल्ल्यांच्या बाया, मांडीवर कोणाचंही लेकरू. गाडी भरत राहिली तर टिकते, म्हणून ऑटोत बसू नका, पहिले दोन महिने तरी.

आर्णीवाली
ठराव कोणत्या ग्रामसभेत घ्यायचा? इकडं कोरमच होत नाही.

वकीलबाबू
एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. आधी महिला सभा घ्या, ती घ्यावीच लागते, आणि तिथंच गाडीचा विषय पक्का करा. जागा शाळेचा वऱ्हांडा. देवळात घेतली की अर्धं गाव येत नाही, आणि विहारात घेतली की दुसरं अर्धं. दवंडी सगळ्या वस्त्यांत फिरली पाहिजे.

धानोऱ्याची सेविका
गडचिरोलीतून. मेंढा-लेखा गाव इथलंच, "मावा नाटे मावा राज" (आमच्या गावात आमचं राज) वालं. अंगणवाडीत पहिली अडचण भाषेची. लेकरू घरी गोंडी किंवा माडिया बोलतं, ताई मराठी. पहिले तीन महिने त्याच्याच भाषेत बोला, पाणी मागताना "येर" म्हटलं की पोरगं हुंकारतं तरी. गप्प लेकराला मतिमंद समजायची चूक फार होते. चित्राच्या खाली दोन्ही शब्द लिहा.
अमृत आहार योजनेचं जेवण गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीतच बसवून द्या. डबा घरी नेऊ दिला की तो चार जणांत वाटला जातो, आणि गोंड टोला, धनगर वस्ती, बंगाली कॅम्प इथल्या बाया एकमेकींना भेटतच नाहीत. लेकराच्या दंडाचा घेर पट्टीवर ११.५ सेंमीच्या खाली गेला तर त्याच दिवशी आशाताईला बोलवा.
लेकरू उठलं, नंतर लिहिते.

रेशनताई
कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं चिरतात, अंगठा मशीन घेत नाही. हात धुवून पूर्ण पुसा, दुसरं बोट लावा, नाहीतर डोळ्याचं यंत्र. ज्याचा अंगठा लागत नाही त्याला रांगेच्या शेवटी पाठवू नका, बाजूला बाकावर बसवून मधेमधे घ्या. शेवटी पाठवलं की तो माणूस पुढच्या महिन्यात येतच नाही, दुसऱ्याच्या हाती कार्ड देतो.

सेलूकडचा
सगळ्यांचं वाचलं. काका, ओट्याचं आजच सरपंचांना दाखवलं. नवा वॉशर चामड्याचा मिळाला, कडक आहे.

पानाकाका
तसाच बसवू नका. रात्रभर गोड्या तेलात भिजू द्या, मऊ झाला की सकाळी बसवा. आणि उद्या खोलताना प्रत्येक मोहल्ल्यातला एक पोरगा पान्याला लावा. ज्याला खोलता येतं तो पंप जपतो.

सेलूकडचा
तेलात टाकला. सात वाजता या.