थेट सरपंच निवडणुकीतच एवढी चिखलफेक का होते?

रानवाट_कराड
आमच्या गावात सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं आणि काकू उभी राहिली. बचत गटाचं काम तिने वर्षानुवर्षं केलंय. वरच्या आळीत नळाला पाणी का चढत नाही, हे तिला नेमकं ठाऊक आहे. मतदानाच्या तोंडावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरला. बचत गटाच्या प्रशिक्षणाचा ग्रुप फोटो होता तो. बाकीच्या सगळ्या बायका कापून टाकून फक्त काकू आणि शेजारी उभे असलेले साहेब ठेवलेले. खालचा मजकूर इथे लिहिण्यासारखा नाही. काकू थोडक्यात पडली.

त्याच दिवशी त्याच गावात वॉर्डातल्या सदस्यांचीही निवडणूक होती. तिथे कुणी कुणाच्या चारित्र्यावर गेलं नाही. माणसं तीच, मग हे पद्धतीमुळे होतं का? थेट निवड 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. आधी सदस्यच सरपंच निवडायचे, तेव्हा हे कमी होतं का?

मास्तर_वाशीम
भाऊ, वाचून फार वाईट वाटलं. काकूंना माझा नमस्कार सांगा.

जुनी पद्धत काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. सदस्यांना सहलीला नेऊन लपवून ठेवायचे. पण तिथे उद्या ज्याचं मत मागायचं आहे, त्याच्या घरच्या बाईबद्दल कुणी बोलत नसे. थेट निवडीच्या दुरंगी लढतीत ही अडचणच नाही. समोरच्याचा मतदार चिडून घरी बसला तरी फायदा आपलाच.

आमच्या विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात पसंतीक्रम असतो. केंद्रावरच्या जांभळ्या स्केचपेनने नावांपुढे 1, 2, 3 लिहायचं. कुणाचाच कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी ठरावीक मतं, भरला नाही की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. 2020 ला अमरावतीत अपक्ष किरण सरनाईक असेच निवडून आले. आमच्या शाळेत येणारे कार्यकर्ते म्हणतात, "सर, पहिली तुमच्या माणसाला द्या, पण दुसरी आम्हाला ठेवा." असं मागायचं असेल तर आमच्या माणसाला शिव्या कशा देतील? पैठणी आणि पाकिटं तिथेही चालतात, तो रोग निराळा.

यारा_काठ (मेलबर्न)
इथे संसदेच्या खालच्या सभागृहासाठी 1918 पासून पसंतीक्रम आहे, सगळ्या नावांपुढे आकडे घालावे लागतात. तरी दोन मोठे पक्ष एकमेकांना सोडत नाहीत, कारण शेवटी बहुतेक जागी तेच दोघे उरतात. मास्तर, तिसरा उमेदवार दमदार नसेल तर पसंतीक्रमाचा उपयोग थोडाच.

वकीलताई
निवडणुकीत उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटा मजकूर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 खाली गुन्हा आहे, पण शिक्षा फक्त दंड. ग्रामपंचायतीच्या निकालाला आव्हान द्यायचं तर 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. तेवढ्यात फोटो पहिल्यांदा कुणी टाकला हे सिद्ध करणं कठीण. ज्या मोबाइलवर फोटो आला, त्यातलं काहीही डिलीट करू नका.

रानवाट_कराड
ताई, 15 दिवस केव्हाच उलटले. फोटो जपून ठेवलाय.

मेलबर्नच्या दादांचं पटलं, आणि आमच्या गावाची मेख तिथेच आहे. खालच्या वस्तीतल्या एका ताईंनीही अर्ज भरला होता. "मतं फुटतील" म्हणत दोन्ही पॅनेलवाल्यांनी त्यांच्या घरी खेटे घातले आणि माघारीच्या दिवशी त्यांनी अर्ज काढून घेतला. यात आमची माणसंही होती. पसंतीक्रम असता तर त्यांना बसवायचं कारणच उरलं नसतं, आणि दोन्हीकडच्यांना खालच्या वस्तीत जाऊन दुसरी पसंती मागावी लागली असती. तो फोटो पाठवून तिथे कोणत्या तोंडाने गेले असते?

मास्तर, कायदा विधिमंडळच बदलणार हे कळतं. पण ग्रामसभेत ठराव करून आमदारांकडे द्यायचं आम्ही ठरवलंय. आमच्याकडे मतदान दोन हजारांच्या आत, मोजणीला कितीसा वेळ लागेल? मसुदा लिहायला घेतलाय. कोट्याचा परिच्छेद तुम्ही तपासून द्याल का?