स्ट्रीमरमध्ये एम.२ एसएसडी दिसत नाही, यूएसबी डिस्क स्कॅन चालू असताना गायब होते. मदत हवी

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. घरच्या म्युझिक स्ट्रीमरमध्ये (डिस्कवरची किंवा नेटवर्कवरची गाणी वाजवणारा डबा) स्टोरेज बसवताना अडकलोय. जेवढी माहिती आहे तेवढी सगळी देतो.

स्ट्रीमर बिनपंख्याचा आहे. तळाला दोन स्क्रूचं झाकण, आत एक एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा), मागे दोन यूएसबी ३ पोर्ट आणि लॅन. संग्रह ६४० जीबीच्या आसपास, बहुतेक फ्लॅक (दर्जा न घालवता लहान केलेल्या फायली): शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीतं, थोडं २४ बिट/९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीच्या वरच्या दर्जाचं. फोल्डरांची आणि फायलींची नावं देवनागरीत.

अडचण एक: जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ५१२ जीबीची एम.२ एसएसडी स्लॉटमध्ये बसली, स्क्रू लागला, पण स्टोरेजच्या मेनूत नावही येत नाही. एरर नाही, काहीच नाही.

अडचण दोन: २ टीबीची अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क यूएसबीला लावली की दिसते, गाणी वाजतात. पण लायब्ररी स्कॅन सुरू केला की पाच-दहा मिनिटांत 'टिक्' असा आवाज येऊन गायब होते. काढून परत लावली की पुन्हा दिसते.

अडचण तीन: याच डिस्कवर लॅपटॉपवरून नेटवर्कने काही टाकायला गेलं तर 'रीड ओन्ली' म्हणते. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल पद्धत) आहे.

डिस्क खराब की स्ट्रीमर, हे कसं ठरवायचं?

---

सातपूर_सर्किट

तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, एकत्र विचार करू नका. मी फक्त पहिल्या अडचणीबद्दल लिहितो.

एसएसडी बाहेर काढा आणि सोनेरी पट्ट्यांची कड उजेडात धरा. त्या कडेत खाचा किती आहेत? दोन असतील तर ती जवळजवळ नक्कीच साटा (जुनी, हळू जात) आहे. एकच खाच आणि तिच्या पलीकडे पट्ट्यांचा अगदी छोटा गट असेल तर एनव्हीएमई (नवी, वेगवान जात, पीसीआयई जोडणीवर चालणारी). दोन खाचांच्या काही मोजक्या एनव्हीएमईसुद्धा असतात, म्हणून शेवटचा शब्द लेबलचा. लेबलवर 'साटा ६ जीबी/एस' लिहिलंय की 'एनव्हीएमई पीसीआयई', ते वाचा. दोन खाचांची साटा पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये बिनतक्रार बसते, स्क्रूही लागतो, म्हणून माणूस फसतो. आकार एकच असला तरी आतली भाषा वेगळी आहे. ज्या स्लॉटला फक्त पीसीआयईच्या तारा जोडलेल्या आहेत, त्याला साटा ड्राइव्हचं अस्तित्वच कळत नाही. एरर न येण्याचं कारण हेच.

स्ट्रीमरच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटचा प्रकार दिलेला असतो. तिथे नुसतं एनव्हीएमई लिहिलं असेल तर ही पट्टी त्यात कधीच चालणार नाही. फेकू मात्र नका. एम.२ साटा चालवणारं यूएसबी एनक्लोजर (एसएसडी आत बसवायची डबी) घ्या, तीच छान बाहेरची डिस्क होईल. नाशिकच्या एमजी रोडला घेत असाल तर दुकानात पट्टी दाखवूनच घ्या, कारण काही एनक्लोजर फक्त एनव्हीएमई घेतात आणि मग तीच गोष्ट उलट दिशेने घडते.

नवी घ्यायची तर २२८० मापाची (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब), १ किंवा २ टीबी, जेन ३ (पीसीआयईची तिसरी पिढी), चिप एकाच बाजूला असलेली. वेगासाठी पैसे घालवू नका. सीडी दर्जाचं संगीत दाबून लहान न करताही सेकंदाला १७६ केबी मागतं, २४/१९२ सव्वा एमबीच्या आतच राहतं. जेन ३ एनव्हीएमई सेकंदाला तीन हजार एमबी सहज देते. जास्त वेगाची ड्राइव्ह जास्त वीज खाते आणि जास्त तापते, बिनपंख्याच्या डब्यात तो निव्वळ तोटा आहे. दोन्ही बाजूंना चिप असलेली जाड पट्टी खालच्या बोर्डाला टेकू शकते, म्हणून ४ टीबी घेताना हे आधी तपासा.

बसवताना: स्ट्रीमर मेनूतून बंद करा, मग पिन काढा. नुसत्या स्टँडबायवर स्लॉटला वीज असू शकते. ड्राइव्हला हात लावण्याआधी उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. पट्टी तीसेक अंशांच्या कोनात तिरकी घालून आत सरकवा. नीट बसली की सोनेरी भाग केसभरच बाहेर दिसतो. जास्त दिसत असेल तर ती आत गेलेलीच नाही. मग हलकेच खाली दाबून स्क्रू लावा. तो बहुधा एम२ मापाचा, ३ मिमीचा असतो. बोटांच्या जोराने घट्ट झाला की थांबा, जास्त पिळलात तर आटे जातात.

थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणारी मऊ चकती) दिला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची फिल्म काढायची. एका बाजूची तशीच राहणं फार सर्रास होतं आणि मग पॅड असून नसल्यासारखा. ड्राइव्हचं लेबल काढू नका, वॉरंटी जाते.

शेवटचं: कोरी एसएसडी फॉरमॅट होईपर्यंत म्युझिकच्या यादीत येत नाही, ती स्टोरेज सेटिंगमध्ये शोधा. फॉरमॅट स्ट्रीमरच्याच मेनूतून करा.

---

तंबोरा४४

दुसरी अडचण विजेची आहे असं मला ठाम वाटतं. 'टिक्' हा आवाज डिस्कचं हेड अचानक पार्क होण्याचा. व्होल्टेज पडलं की डिस्क हेड बाजूला घेते आणि पुन्हा सुरू होते. तेवढ्यात स्ट्रीमरच्या दृष्टीने ती उपटून काढलेली असते.

गाणी वाजतात पण स्कॅनला मरते, याचं कारण सरळ आहे. गाणं वाजताना डिस्क अधूनमधून थोडा डेटा वाचते. स्कॅन करताना एकेक फाइल उघडून टॅग (फायलीतच साठवलेली गायक, अल्बमची माहिती) वाचायचा असतो, हेड सारखं इकडून तिकडे पळतं आणि करंट चढलेला राहतो. यूएसबी ३ पोर्टने नियमानुसार ९०० मिलीअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी २ ने ५००. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना एक अँपिअरच्या जवळ जाते.

यात केबल भर घालते. मीटरभर लांबीच्या, आत २८ गेजच्या बारीक तारा असलेल्या केबलचा जाऊन-येऊन रोध ०.४३ ओहमच्या आसपास. ०.९ अँपिअरला जवळपास ०.४ व्होल्ट केबलमध्येच गेले, डिस्कला ५ ऐवजी ४.६ मिळाले. म्हणून पहिला उपाय फुकटचा: डिस्कसोबत आलेली आखूड केबलच वापरा, दुसऱ्या पोर्टवरचं सगळं काढा आणि स्कॅन करून बघा.

तरी जात असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. ५ व्होल्ट ३ अँपिअर भरपूर झाले. हब घेतल्यावर एक चाचणी आवर्जून करा: स्ट्रीमरची पिन काढा, हब चालू ठेवा, केबल जोडलेली. स्ट्रीमरचा दिवा मिणमिणला किंवा स्क्रीन जागी झाली तर हब उलटी वीज आत ढकलतोय. तो हब परत करा, वापरू नका.

पण हे सगळं करण्याआधी डिस्कची तब्येत बघा. लॅपटॉपला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर चालवा. त्यातल्या यादीत क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर आणि १९७ म्हणजे वाचता न येणारे, वाट बघत असलेले सेक्टर. दोन्हींचा रॉ आकडा शून्य असेल तर डिस्क ठीक, दोष विजेचा. १९७ शून्याच्या वर असेल तर स्कॅन, फॉरमॅट, चेक डिस्क काहीही करू नका, आधी संगीत दुसरीकडे उतरवा.

---

इंदिरानगर_०९

तिसरीचं उत्तर विंडोजमध्ये आहे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असताना लॅपटॉप शट डाउन केला तर तो अर्धवट झोपलेला असतो आणि जोडलेल्या एनटीएफएस डिस्कवर काम अपुरं असल्याची खूण राहू शकते. स्कॅन चालू असताना डिस्क तुटली तरी तशीच खूण राहते, आणि ते तुमच्याकडे रोज होतंय. स्ट्रीमरच्या आत लिनक्स असतं. ते अशी खूण बघितली की डेटा सांभाळण्यासाठी लिहायला नकार देतं.

डिस्क विंडोजला लावा, प्रॉपर्टीज, टूल्स, एरर चेकिंग. मग 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. पण आधी तंबोरा यांनी सांगितलेली तपासणी, त्यानंतरच हे.

---

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. अहवाल देतो.

एसएसडीला दोन खाचा, लेबलवर साटा. प्रश्नच मिटला. १ टीबीची एनव्हीएमई आणून बसवली, लगेच दिसली, मेनूतून ईएक्सटी४ ला (लिनक्सची फाइल पद्धत) फॉरमॅट झाली. ९३१ जीबी दाखवते.

हार्ड डिस्कचे ५ आणि १९७ दोन्ही शून्य. केबल मीटरभराची होती. आखूड लावल्यावर एक पूर्ण स्कॅन तुटल्याशिवाय झाला. एरर चेकिंगनंतर लिहिताही येतंय.

आता नवीन प्रकार. डिस्क लॅपटॉपला लावून नेटवर्कवरून नव्या एसएसडीवर कॉपी करतोय. वेग ११ एमबीच्या वर जात नाही. काही फायली 'नाव फार लांब' म्हणून नाकारल्या जातात, त्याच फायली जुन्या डिस्कवर व्यवस्थित आहेत. आणि 'वऱ्हाडी लोकगीतं' नावाचे दोन फोल्डर झालेत, दिसायला अक्षरशः एकसारखे.

---

सातपूर_सर्किट

९३१ बरोबर आहे, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि यंत्र १०२४ च्या.

११ एमबी म्हणजे लॅन १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) अडकलंय. ६४० जीबीला सोळा तास लागतील. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलच्या आठही तारा लागतात. एखादी तुटलेली असेल किंवा क्रिम्पिंग (टोकाच्या प्लगमध्ये तारा बसवणं) चारच तारांचं असेल तर जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. कॅट ५ई किंवा ६ ची तयार केबल लावून बघा. राउटरचे पोर्टही तपासा, काही स्वस्त राउटरचे पोर्ट मुळातच १०० चे असतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे डिस्क आखूड केबलने स्ट्रीमरलाच लावा आणि त्याच्या फाइल मॅनेजरमधून आतल्या आत कॉपी करा. दोन-तीन तासांचं काम.

एक सांभाळा. गाणी वाजवताना एनव्हीएमई कोमट राहते, पण शेकडो जीबी सलग लिहिताना तापते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो आणि स्ट्रीमर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात असेल तर आत त्याहून जास्त. कॉपी होईपर्यंत तो बाहेर मोकळ्यावर ठेवा. वेग मध्येच धपकन पडला तर घाबरू नका, थांबा, थंड होऊ द्या, पुढचा फोल्डर घ्या.

---

तंबोरा४४

नावांचा प्रश्न देवनागरीत संग्रह ठेवणाऱ्या प्रत्येकाला येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एनटीएफएसवर एका नावाला २५५ अक्षरचिन्हं चालतात. ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटची आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. म्हणजे हाती उरतात ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'श्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. 'नाट्यसंगीत' एवढ्यालाच ३०. फाइलच्या नावात राग, ताल, लय, गायक, साथीदार, मैफलीचं गाव सगळं भरलं की ८५ कधी ओलांडले ते कळत नाही. मोकळी जागा आणि टिंब एकेक बाइटची, तो दिलासा किरकोळ.

ही मर्यादा एकेका नावाला आहे, पूर्ण पत्त्याला नाही. म्हणून गायक एका फोल्डरात, मैफल आतल्या फोल्डरात, आणि फाइलचं नाव '०३ पूरिया धनाश्री विलंबित' एवढंच. बाकी तपशील टॅगमध्ये. फ्लॅकच्या टॅगला असं बंधन नाही. एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये फाइलनावातून टॅग भरायची आणि टॅगवरून नाव बदलायची दोन्ही सोय आहे. आधी टॅग भरा, मग नाव छोटं करा. उलटं केलंत तर माहिती गेली.

'वऱ्हाडी'चा घोळ यापेक्षा नाजूक आहे. हा अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिला जातो: 'ऱ' या स्वतंत्र चिन्हापुढे हलन्त, साधा 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) जोडून त्यापुढे हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखे, यंत्राला तीन वेगळी नावं. कुठला कीबोर्ड वापरला यावर प्रकार ठरतो, आणि जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेली नावं दुसऱ्या प्रकारात फुटलेली असतात. 'ॲ'चंही तेच: एकसंध चिन्ह वेगळं आणि 'अ' वर चंद्र दिलेला वेगळा. त्यामुळे शोधताना अर्धेच अल्बम सापडतात.

उपाय: दोन्ही फोल्डर उघडून आतल्या फायली जुळवा. एका फोल्डरला एकाच कीबोर्डने नाव नव्याने टाइप करा, दुसऱ्यातलं त्यात हलवा, रिकामा काढून टाका. टॅगमध्येही असे शब्द त्याच कीबोर्डने. मग लायब्ररीचा डेटाबेस पुसून पूर्ण स्कॅन, नाहीतर जुनी नावं यादीत भुतासारखी राहतात.

मॅकवरून काही आलेलं असेल तर प्रत्येक गाण्यासोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी काही केबीची जुळी फाइल असू शकते. ती गाणं नाही, बिनधास्त उडवा.

---

इंदिरानगर_०९

कॉपी संपली की जुनी हार्ड डिस्क पुसू नका. तीच बॅकअप. महिन्यातून एकदा लावायची, नवीन भर टाकायची, काढून कपाटात. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कला मी बॅकअप म्हणत नाही, चुकून डिलीट झालेलं तिथूनही जातं.

आणि स्ट्रीमर घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरचं मागचं बटण 'यूपीएस'वर आहे ना बघा. 'इको'वर बदल होताना जो क्षण जातो त्यात पंखा-दिव्याला काही कळत नाही, पण स्ट्रीमर रीस्टार्ट होऊ शकतो. लिहिणं चालू असताना तसं झालं तर ती फाइल अर्धवट राहते.

---

गंगापूररोडकर

बटण 'इको'वरच होतं, बदललं. लॅनची केबल उघडून बघितली, क्रिम्पिंग चारच तारांचं. आतल्या आत कॉपी लावली आहे, १८० जीबी गेले, स्ट्रीमर कप्प्याबाहेर टेबलावर. ८५ चिन्हांच्या वरची नावं एमपीथ्रीटॅगमध्ये वेगळी काढली, ३१२ निघाली. त्यांचे टॅग आधी भरतोय.