चर्चा : प्रेमविवाह केलेल्या मुलीने माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडावा का?

धागाकर्ती, जळगाव : आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशातल्या सासुरवाशिणींना न्यायला माहेरून माणूस येतो, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला मात्र साधा निरोपही येत नाही. पुढे काही वर्षांनी राग निवळतो, तेव्हा तिच्यासमोर हक्कसोड लेख ठेवला जातो. माझ्या मावसबहिणीने रावेर तालुक्यातल्या वडिलोपार्जित केळीच्या बागेतला वाटा असाच सोडला. निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचा ठसा देऊन ती बाहेर आली, तेव्हा कुठे भाऊ तिला म्हणाला, "चल, घरी जेवून जा." प्रेमासाठी मानपान सोडावा, सोयी सोडाव्यात, वेळ आली तर गावही सोडावे, हे मला मान्य आहे, परंतु उद्या एकटीवर वेळ आली तर जिच्या बळावर उभे राहायचे, ती नोकरी किंवा जमीन सोडू नये. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे आणि दुसऱ्या जातीत लग्न केल्याने तो जात नाही.

प्रतिसाद, धुळे : मी सहमत नाही. माझ्या आईने शिक्षिकेची नोकरी सोडून वडिलांबरोबर साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात संसार थाटला, आणि त्याचा पश्चात्ताप तिच्या बोलण्यात मी कधीही ऐकला नाही. सज्ञान स्त्रीने समजून उमजून केलेल्या त्यागाला आपण नुकसान म्हणू लागलो, तर तिच्या निर्णयाला काही किंमतच उरत नाही. आपल्या मावसबहिणीला प्रेमही हवे होते आणि भाऊही हवा होता; दोन्ही मिळवण्यासाठी तिने जमीन दिली, यात तिचे काय चुकले?

प्रतिसाद, शहादा : धुळेकरांना एवढेच विचारते, की आपल्या वडिलांनी काय सोडले? त्याग खरोखर प्रेमापोटी होत असेल, तर तो दर वेळी बाईच्याच वाट्याला का यावा?

प्रतिसाद, चोपडा : दर वेळी नाही. लग्नानंतर वडिलांनी मला घराबाहेर काढले, तेव्हा पत्नीचे नर्सिंगचे शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून मी सूतगिरणीत रात्रपाळी केली आणि घरच्या शेतीचा विषय पुन्हा काढला नाही. तरीही माझे मत धागाकर्तींपेक्षा वेगळे आहे. काय सोडायचे आणि काय राखायचे, याचा हिशेब आधी मांडून मला ते लग्न करताच आले नसते.

धागाकर्ती : चोपड्याच्या बंधूंनी जे सोडले, ते पत्नीने स्वतःच्या पायावर उभे राहावे यासाठी सोडले, म्हणून मला त्याविषयी आदर वाटतो. मावसबहिणीच्या बाबतीत लाभ फक्त भावाचा झाला. आता पतीच्या आजारपणात तिला कर्ज हवे आहे, तारण ठेवायला नावावर गुंठाभरही जमीन नाही, आणि नोंदणी झालेला हक्कसोड लेख सहजासहजी रद्द होत नाही.

प्रतिसाद, धुळे : तारणाचा मुद्दा मी मान्य करतो. मात्र ज्या भावाने बहिणीचा वाटा घेतला, त्याने आज तिच्या घरच्या दवाखान्याचा खर्च उचलायला हवा. तो उचलत नसेल, तर दोष त्याला द्यावा, तिच्या प्रेमाला देऊ नये.