विहिरीची मोटर, फ्रीज, मिक्सर: २.१ केव्हीए जनरेटर पुरेल का?

जांबोटीकडचा
नमस्कार. घर बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. आषाढात झाड पडलं की लाइन दोन-दोन दिवस जाते, इन्व्हर्टर पहिल्याच रात्री मान टाकतो. म्हणून पेट्रोलचा जनरेटर बघतोय. वॅटची बेरीज केली: विहिरीतली एक एचपी सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेली मोटर) ७५०, मिक्सर ७५०, फ्रीज १५०, चार पंखे ३००, टीव्ही १००, बल्ब ७०. झाले २,१२०. म्हणजे २.१ केव्हीए बरोबर बसतोय की! पण दुकानदार पाचच्या खाली बोलायलाच तयार नाही. खरं कुणाचं?

वाइंडिंगवाला, शहापूर
गणित शाळेतलं बरोबर आहे, मोटरीला ते कळत नाही.
केव्हीए म्हणजे वॅट नव्हेत. २.१ केव्हीएला ०.८ ने (पॉवर फॅक्टर) गुणा, १,६८० वॅट उरतात. त्यात आपण अडीच हजार फूट उंचीवर. दर हजार फुटाला इंजिन तीन-साडेतीन टक्के ताकद सोडतं. धरा साडेपंधराशे.
आता मोटर. ७४६ वॅट हे शाफ्टवर मिळणारं काम, लाइनीतून ती हजार-अकराशे ओढते. सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. तेवढ्यात जनरेटरचा व्होल्टेज बसतो, मोटर नुसती घूं करते, फिरत नाही, आणि दहा वेळा बटण दाबणारा माणूस शेवटी तिला माझ्या टेबलावर आणून ठेवतो. गेल्या पावसात माझ्या साडूचीच आली. पैसे मागता येईनात, सोडताही येईनात.
फ्रीजही चालताना १५०, पण कॉम्प्रेसर उठताना सात-आठशे.
ही मोटर चालवायचीच तर चार केव्हीए. आधी मोटर एकटी लावा, ती धरली की फ्रीज. पाच घेऊन रात्रभर चार पंखे फिरवणं म्हणजे पेट्रोल गटारात ओतणं.
पण एक सांगा, आषाढात तुमच्या विहिरीला पाणी किती खाली असतं?

जांबोटीकडचा
चार-पाच फुटांवर येतं. रहाट आहे, पण आई ७४ ची, दावणीला दोन म्हशी, आणि मी दिवसभर बेळगावात.

वाइंडिंगवाला, शहापूर
मग सबमर्सिबलला हातच लावू नका. पावसाळ्यापुरता अर्धा एचपीचा मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र, पाण्याबाहेर बसणारा) काठावर बसवा, ओढणार साडेपाचशे-सहाशे. पाइपच्या खालच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह घाला, म्हणजे पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरणार नाही, नाहीतर दरवेळी पंपात पाणी ओतून प्रायमिंग करत बसायला आईला लागेल. याला २.८ केव्हीए पुरे. आपल्या उंचीवर दोन हजार वॅट मिळतात. टाकी भरली, मोटर बंद केली, की बाकीचं सगळं आरामात. मे महिन्यात पाणी वीस फुटांखाली गेलं की मोनोब्लॉक ओढणार नाही, तेव्हा सबमर्सिबल आहेच.

निपाणीची अक्का
दादा, दोन्हीकडं पिना लावलेली वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटात घालू नका. आमच्या गल्लीत करतात. करंट उलटा लाइनीत जातो, ट्रान्सफॉर्मरमधून ११,००० व्होल्ट होतो आणि खांबावर लाइनमन चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच लावाच, म्हणजे घराला एका वेळी लाइन तरी नाहीतर जनरेटर तरी, दोन्ही जोडले जात नाहीत. आणि पाऊस आला म्हणून पडवीत ओढून घेऊ नका. त्यातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. अंगणात लांब, पत्र्याच्या छपराखाली ठेवा.

जांबोटीकडचा
२.८ बघतो. चेंजओव्हरचंही सांगून ठेवलं. काका, साडूकडून पैसे आले का?

वाइंडिंगवाला, शहापूर
कुठले ओ. आखाडीला कोंबडा घातला, तो तांब्याच्या तारेत वजा केला.