कोकम आगळाच्या गणितात ७२ रुपयांचा घोळ

काजूबोंडू:
एफवायच्या सूक्ष्म अर्थशास्त्रातला सरावाचा प्रश्न. कोकम आगळाच्या बाटल्यांची आठवड्याची मागणी = ९०० − ४ × किंमत, पुरवठा = ६ × किंमत − १००. कर नसताना किंमत १०० रुपये आणि खप ५०० बाटल्या. मग विक्रेत्यावर बाटलीमागे १० रुपये कर बसतो. उपभोक्त्याचं आधिक्य (गिऱ्हाइकांची द्यायची तयारी आणि प्रत्यक्ष किंमत यांतला एकूण फरक) कितीने घटलं?

नवी किंमत १०६ आली. बाटलीमागे ६ रुपये जादा, म्हणून मी ५०० × ६ = ३००० लिहिलं. वर्गातल्या एकाचं उत्तर २८५६. उत्तरसूचीत मात्र २९२८ आहे! दुसरी शंका अशी की हाच कर विक्रेत्याऐवजी गिऱ्हाइकाकडून घेतला असता तर उत्तर बदललं असतं का?

चिऱ्याची खाण:
तुम्ही ७२ जास्त धरलेत, मित्राने ७२ कमी. चूक एकाच जागी आहे.

१०६ ला खप ९०० − ४२४ = ४७६. म्हणजे ४७६ बाटल्या घेणाऱ्यांचे प्रत्येकी ६ रुपये गेले, ते झाले २८५६. मित्र इथेच थांबला. उरलेल्या २४ बाटल्या घेतल्याच गेल्या नाहीत, पण त्यांच्यावरचं समाधानही गेलंच की. ते किती? ज्याची तयारी १०५ रुपये ९० पैसे द्यायची होती, त्याला १०० ला बाटली मिळत असताना ५ रुपये ९० पैशांचा फायदा होता, तो बुडाला. ज्याची तयारी जेमतेम १०० ची होती, त्याचं काहीच बुडालं नाही. सरासरी ३ रुपये, म्हणून २४ × ३ = ७२. तुम्ही या चोवीसही बाटल्यांना पूर्ण ६ रुपये लावलेत.

ताळा मोठ्या त्रिकोणावरून घ्या. मागणी शून्य होते २२५ रुपयांना. आधीचं आधिक्य ½ × १२५ × ५०० = ३१,२५०. नंतरचं ½ × ११९ × ४७६ = २८,३२२. फरक २९२८.

विक्रेत्याच्या हातात ९६ पडतात, म्हणजे त्याचे ४ गेले. त्याची घट ४ × ४७६ + ½ × ४ × २४ = १९५२. दोघांची मिळून ४८८०, आणि तिजोरीत जमा १० × ४७६ = ४७६०. मधले १२० कोणालाच मिळत नाहीत, तेच निव्वळ नुकसान. परीक्षेत हा ताळा जुळला नाही तर आकृतीतला एखादा त्रिकोण राहून गेलाय असं समजा.

कर २० केलात तर खप ४५२ आणि निव्वळ नुकसान ½ × २० × ४८ = ४८०. कर दुप्पट, नुकसान चौपट. पुलांच्या टोलचा विचार करताना फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४४ मध्येच हे मांडलं होतं. वसुली मात्र ९०४०, दुपटीलाही पोचत नाही.

पेठकिल्ला:
दुसऱ्या शंकेचं उत्तर: नाही बदलत. कर गिऱ्हाइकाकडून घ्या. मागणी ९०० − ४ × (किंमत + १०), म्हणजे ८६० − ४ × किंमत. ती पुरवठ्याबरोबर ठेवली की किंमत ९६. गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात ९६ + १० = १०६. तेच आकडे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मागणी आणि पुरवठा हे दोन्ही वक्र सरकवणे. तसं केलंत तर किंमत १०२ येते, गिऱ्हाईक ११२ देतो, विक्रेत्याला ९२ मिळतात. म्हणजे नकळत २० रुपये कर लावलात. एकच वक्र हलवा, कुठलाही.

भार ६ आणि ४ असा का वाटला गेला, ते उताराच्या आकड्यांतच आहे. पुरवठ्याचे ६ भागिले दोन्हींची बेरीज १०, एवढा वाटा गिऱ्हाइकाचा. जो कमी हलू शकतो तो जास्त भरतो.

अडतीचंही, म्हणजे बाजारातल्या अडत्याच्या दलालीचंही, तसंच. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. अडत हा कर नव्हे, पण खरेदीदार देतो आणि विक्रेत्याला मिळतं यांच्यातली पाचर तीच. खरेदीदार बोली लावतानाच अडत वजा करून लावतो. पट्टीवरची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरची, वजावट गेली म्हणून बागायतदाराच्या हातात तेवढे पैसे वाढतील, हा हिशेब कच्चा आहे.

काजूबोंडू:
७२ चं कळलं, धन्यवाद. मग मासळीला हे कसं लावायचं? आणि हापूसवर तर करच नाही, तिथे निव्वळ नुकसान शून्य धरायचं ना?

खाडीपलीकडे:
मासळीत आधी वेळ विचारायची. समजा हर्णैच्या लिलावात २०० किलो बांगडा उतरलाय, बर्फ नाही, आजच विकायचा. पुरवठा वक्र उभा, म्हणजे भाव काहीही असो, माल तेवढाच. भाव किलोला १८०, आणि किलोमागे १० रुपये कर लावला. गिऱ्हाईक २०० किलोला १८० च देणार, नौकेवाल्याच्या हाती १७०. खप तोच, गिऱ्हाइकाचं आधिक्य तेवढंच, निव्वळ नुकसान शून्य. सगळा भार नौकेवर.

पण बर्फ आणि शीतगृह आलं की वक्र कलतो. भाव पडला की माल बर्फात, सुकवायला किंवा फिशमीलच्या गाडीत. पुढच्या फेरीचं तर डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी सगळंच टाळता येतं, मग भार गिऱ्हाइकाकडे सरकू लागतो. निर्यातीच्या कोळंबीचं उलटं. भाव बाहेर ठरतो, इथला विक्रेता तो हलवू शकत नाही, त्यामुळे इथे लावलेला कर इथल्याच माणसांनी सोसायचा.

पेठकिल्ला:
हापूसचं सावकाश घ्या. ताज्या फळावर जीएसटी शून्य आहे, पण बागायतदार खत आणि फवारणीच्या औषधांवर जीएसटी भरतोच. त्याची विक्री करमुक्त असल्याने तो कर वजावटीला मिळत नाही, खर्चात मिसळतो आणि पुरवठा वक्र वर ढकलतो. बिलावर शून्य, बाजारात शून्य नाही. आगळ विकणारा नोंदणीकृत असेल तर त्याला बाटलीवरच्या, बुचावरच्या कराची वजावट मिळते.

आणखी एक. जीएसटी टक्क्यांत असतो, तुमच्या गणितात ठरावीक रुपये आहेत. ५ टक्के कर विचारला तर १०० वर ५ रुपये धरू नका, कारण कर विक्रेत्याच्या नव्या किमतीवर बसतो. ९०० − ४ × १.०५ × किंमत = ६ × किंमत − १००. विक्रेत्याला सुमारे ९८.०४, गिऱ्हाइकाला १०२.९४, कर ४.९०, खप साधारण ४८८. आणि प्रश्नात एमआरपी दिली असेल तर तिच्यात कर आधीच धरलेला असतो. तिच्यावर पुन्हा ५ टक्के चढवलेत की पहिल्याच ओळीत गुण गेले.