सदस्यबाईंच्या नवऱ्याला गटारीचं काम: चालतं का?

प्रश्न: कर्नाटकातल्या (बेळगाव जिल्हा) खानापूर तालुक्यात ग्रामपंचायतीचं काम सदस्याच्या नवऱ्याच्या नावावर घेता येतं का?

उत्तर १: कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्याचं कलम १२ वाचा. कामात आडून हिस्सा असला तरी सदस्यत्व जाऊ शकतं. नुसतं नातं पुरत नाही, पैसा कुठं गेला ते दाखवा. नवरा-बायकोचं बँकेत जोड खातं असलं तर मुद्दा भक्कम.

उत्तर २: पुराव्यासाठी पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकारी) माहिती अधिकारात अर्ज: १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. वर्क ऑर्डर, एमबी (कामाच्या मोजमापाची वही), बिल आणि ठरावाची नक्कल मागा. ‘सगळी माहिती द्या’ लिहिलं की अर्ज परत! कागद कन्नडमधूनच येतील. ठरावावेळी बाई सभेत होत्या का, ते हजेरीच्या सह्यांवरून कळतं.

उत्तर ३: लोकायुक्तांकडे तक्रार घेऊन जाताना तक्रारीच्या फॉर्म १ सोबत फॉर्म २ चं शपथपत्र लागतं. तेच बहुतेक जण विसरतात.