टीम लीड झाले पण शब्दाला वजनच नाही, काय करू?

प्रश्न: नुकतीच लीड झालेय, टीममधले दोघं माझ्याहून सिनियर, दुसऱ्या डिपार्टमेंटवर तर काही अधिकारच नाही. मीटिंगमध्ये मुद्दा मांडला की तिथेच विरतो. आवाज न चढवता ऐकायला कसं लावायचं?

उत्तर १: मीटिंगमध्ये पहिल्यांदा मुद्दा मांडूच नका. ज्यांचा विरोध होईल वाटतं त्यांना आधी एकेकटं भेटा, प्रपोजल कच्चं असतानाच दाखवा आणि यात काय अडेल ते विचारा, त्यांनी सुचवलेला बदल पटला तर खरंच घ्या आणि मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेऊन सांगा. सिनियर लोकांसोबत तर हे हवंच हवं!

उत्तर २: फ्रेंच आणि रेव्हन या दोन समाजमानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच आधार मांडले होते, पद, बक्षीस, शिक्षा, तज्ज्ञता आणि लोकांना वाटणारी आपुलकी-आदर. पहिले तीन खुर्चीसोबत जातात, म्हणून शेवटच्या दोनावर मेहनत घ्या. दिलेली तारीख पाळा, जमणार नसेल तर आधीच कळवा, माझ्या मते अर्धा विश्वास इथेच बसतो.

उत्तर ३: आणि दुसऱ्या डिपार्टमेंटवाल्यांना त्यांचं टार्गेट काय ते विचारा, तुमच्या कामातून त्यांचं काय सुटतंय हे दाखवलं की मागे लागावं लागत नाही.

प्रश्नकर्ती: एकेकटं भेटायचं पटलं, उद्याच दोघांशी बोलते.